हवेतलं नाणं टिपणारे महबूब पाशा : इस्लापूरच्या जंगलाचे जुने मालक आणि त्यांच्या बंदुकांचा नाद

इस्लापूर : निजाम म्हटलं की आपल्याकडं आधी रझाकार आठवतात, मग 17 सप्टेंबर. पण ते सातवे निजाम, उस्मान अली खान. त्यांचे वडील मीर महबूब अली खान हे सहावे निजाम. माणूस अगदीच वेगळा. मुलगा पैशाला जपणारा, तर बाप हात सैल सोडून खर्च करणारा. आणि बापाचा खरा जीव होता बंदुकीत.

इस्लापूर सर्कल तेव्हा नांदेड जिल्ह्यात नव्हतं. 1956 ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यातून इस्लापूर सर्कल काढलं आणि किनवट तालुक्यासोबत इकडं जोडलं. त्याआधी पैनगंगेच्या काठापर्यंतचं हे सागवानी जंगल निजामाच्या मुलखात होतं.

महबूब अली यांचा जन्म ऑगस्ट 1866 चा. वडील अफजल-उद-दौला 1869 च्या फेब्रुवारीत वारले आणि अडीच वर्षांचं लेकरू गादीवर बसलं. कारभार दिवाण सालारजंग यांनी बघितला. शिकवायला मौलवी होते, तसे इंग्रज शिक्षकही. घोड्यावर बसणं आणि नेम धरणं हे दोन विषय पोराला जास्त आवडले. 5 फेब्रुवारी 1884 ला व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी हैदराबादला येऊन राज्याचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती दिले. वय होतं सतरा.

नेमबाजीची ख्याती अशी की, नाणं हवेत उडवायचं आणि ते खाली पडायच्या आत गोळीनं टिपायचं. पाहुण्यांसमोर हा खेळ व्हायचा. चारमिनारचं चित्र असलेला हाली रुपया त्यांच्याच काळात निघाला. वाघांच्या आकड्याबद्दल मात्र जपून बोललेलं बरं. तीस वाघ मारले म्हणून ‘तीसमारखां’ हा शब्द त्यांच्यावरूनच आला, असं हैदराबादेत सांगतात. गोष्ट ऐकायला छान आहे, एवढंच.

आता बंदुकीचं. त्या काळी राजेरजवाडे शिकारीची रायफल दुकानातून उचलून आणत नसत, ती मापानं करून घेत. लंडनचे पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी आणि बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स हे त्यातले नावाजलेले कारागीर, आणि हिंदुस्थानातले संस्थानिक त्यांचं मोठं गिऱ्हाईक. आपल्याकडं सुतार औताचं रुमणं धरणाऱ्याची उंची बघून बसवतो ना, तसंच हे. गिऱ्हाइकाच्या हाताची लांबी, खांदा, मान, कोणत्या डोळ्यानं नेम धरतो, हे बघून अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घडवायचा. दस्ता बोटभर लांब झाला तरी बंदूक खांद्यावर चढताना अंगरख्यात अडकते. समोरून वाघ येत असेल तर तेवढंच पुरे आहे.

सगळ्यात अवघड काम दोन नळ्यांच्या रायफलीचं. नळ्या शेजारी शेजारी दिसतात, पण त्या अगदी सरळ रेषेत जोडल्या तर दोन गोळ्या दोन जागी लागतात. म्हणून कारागीर प्रत्यक्ष गोळ्या झाडून बघायचा. मग नळ्यांच्या तोंडामधली पाचर किंचित सरकवायची, डाग पुन्हा द्यायचा, पुन्हा झाडायचं. ठरलेल्या अंतरावर दोन्ही गोळ्या जवळजवळ एका जागी पडेपर्यंत हेच चालायचं. एका बंदुकीला कित्येक महिने लागत. शेवटी कळीच्या भागावर कोरीव काम आणि चामड्यानं मढवलेली पेटी.

महबूब पाशांच्या हयातीतच ही विद्या पार बदलली. तरुणपणी काळी दारू होती. बार काढला की समोर धूर, आणि वाघ मेला की निसटला हे धूर हटल्यावरच कळायचं. 1890 नंतर बिनधुराची दारू आली. 1898 मध्ये रिग्बीनं .450 ची नवी रायफल काढली आणि ती इकडच्या शिकाऱ्यांत चालली. पण 1907 मध्ये इंग्रज सरकारनं या मापावर हिंदुस्थानात बंदी घातली, कारण लष्कराच्या जुन्या बंदुकांचं माप तेच होतं आणि काडतुसं बंडखोरांच्या हाती पडायची भीती होती. मग कारागिरांनी .465, .470 अशी नवी मापं काढली. जुन्या रायफली जमवणारे आजही या आकड्यांवरून तासन्‌तास वाद घालतात.

शिकारीचा तळ पडला की तंबू, हत्ती, मचाण, घोडे, सगळा लवाजमा. फोटो काढायला राजा दीनदयाळ हे दरबारी फोटोग्राफर सोबत. त्यांचे ते फोटो आजही बघायला मिळतात. ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड 1893 च्या जानेवारीत शिकारीला हैदराबाद संस्थानात आले होते. हेच पुढं 1914 मध्ये गोळी लागून मेले आणि त्यावरून पहिलं महायुद्ध पेटलं. 1902 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनही इथं वाघ मारून गेले.

फोटोत मधोमध साहेब आणि पुढ्यात वाघ असतो. हाका घालणारा गडी दिसलाच तर कडेला, आणि त्याचं नाव कुठं लिहिलेलं नसतं. डबे, ढोल वाजवत वाघाला मचाणाकडं हाकलायचं काम त्याचं. हातात फार तर काठी नाही तर कुऱ्हाड. शिवाय संस्थानात वेठबिगार होतीच. तळ पडला की गावानं गवत, लाकूड, माणसं पुरवायची. जंगलावर सरकारचा हक्क घट्ट होत गेला, तशी गोंड आणि कोलामांची शेती, चराई आक्रसत गेली. पुढं 1940 मध्ये याच आदिलाबाद जिल्ह्यात जोडेघाटला कुमराम भीमू निजामाच्या पोलिसांशी लढताना मारले गेले. तोवर राज्य मुलाचं होतं, पण कुरबुर बापाच्या काळापासूनची.

तरीही रयतेत महबूब पाशांचं नाव टिकलं, आणि ते बंदुकीमुळं नाही. साप चावलेल्या माणसाला त्यांच्या नावानं उतार पडतो अशी लोकांची समजूत होती. रात्री-बेरात्री कुणी आलं तरी झोपेतून उठवा, असा त्यांचा हुकूम होता म्हणतात. (आज साप चावला तर सरळ सरकारी दवाखाना गाठावा, हे वेगळं सांगायला नको.) 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली. तेव्हा त्यांनी महालांची दारं लोकांसाठी उघडली. मनमाडहून औरंगाबाद, नांदेडमार्गे हैदराबादला जाणारी रेल्वेही 1900 च्या सुमारास त्यांच्याच काळात झाली.

पैसा मात्र हातात राहिला नाही. दारूही फार. 29 ऑगस्ट 1911 ला फलकनुमा महालात ते वारले. वय जेमतेम पंचेचाळीस. जेकब हिरा त्यांनी एका जुन्या जोड्यात ठेवून दिला होता, तो पुढं मुलाला सापडला.

1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. तशा रायफली आता संग्रहालयांत, जुन्या घराण्यांच्या परवान्यावर, नाही तर परदेशी लिलावात दिसतात. तिकडचे शौकीन त्या कागदी निशाणावर झाडून बघतात, आणि नीट जपलेल्या नळ्या शंभर वर्षांनीही दोन गोळ्या एका जागी टाकतात.

महबूब पाशांची कबर हैदराबादला चारमिनारजवळ मक्का मशिदीच्या आवारात आहे. किनवट, इस्लापूरकडून दवाखान्याला किंवा कामाला हैदराबादला जाणारे कितीतरी जण चारमिनार बघतात आणि ती न बघताच परत येतात.