भारताचा पहिला किपर

क्विझमध्ये एक प्रश्न हमखास असतो : भारताचा पहिला टेस्ट कॅप्टन कोण? सी. के. नायडू! प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर येतं. पण भारताकडून टेस्टमधला पहिला चेंडू कोण खेळलं असं विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. उत्तर आहे जनार्दन ज्ञानोबा नवले. भारताचे पहिले विकेटकीपरसुद्धा तेच.

आपल्या होस्टेलच्या मॅचमध्ये बॅटिंग सगळ्यांना हवी असते, बोलिंगवरून भांडणं होतात, आणि किपिंग मात्र ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतं. खरं तर मॅचमधला प्रत्येक चेंडू खेळणारा माणूस किपरच. बॅट्समनने सोडलेला चेंडू किपरला सोडता येत नाही. दर चेंडूला उठाबशी. नवलेंच्या काळात ग्लोव्ह्ज आजच्याइतके चांगले नव्हते आणि हेल्मेट तर नव्हतंच. दिवसभर शंभर ओव्हर नीट किपिंग केलं तर पेपरात नाव येत नाही, एक कॅच सुटला की येतं.

नवलेंचा जन्म ७ डिसेंबर १९०२ चा, पुणे जिल्ह्यातल्या फुलगावचा. तुळापूरजवळ भीमेच्या काठी हे गाव आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी ते थेट हिंदू संघात आले. त्या वेळी मुंबईत चौरंगी सामने होत : हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन. धर्मावरून टीम पाडायची ही कल्पना आज विचित्र वाटते, पण तेव्हा आपल्याकडची सगळ्यात मोठी स्पर्धा तीच होती. रणजी ट्रॉफी सुरू झाली १९३४ मध्ये. म्हणजे नवलेंची उमेदीची वर्षं गेली तेव्हा रणजी नव्हतीच! ती आली तोवर त्यांनी तिशी ओलांडली होती. तरी ते महाराष्ट्राकडून खेळले, मग इंदूरकडच्या सेंट्रल इंडिया संघाकडून खेळले. जिथे किपर लागेल तिथे हे हजर.

आता मुख्य गोष्ट. १९३२ चा इंग्लंड दौरा. या दौऱ्याचे कॅप्टन होते पोरबंदरचे महाराज. कॅप्टन राजाच पाहिजे असा तेव्हाचा हिशोब. महाराजांनी त्या दौऱ्यात फर्स्ट क्लास मॅचेसमध्ये एकूण धावा केल्या दोन. वीस नाही, दोन! शहाणे होते म्हणून टेस्टच्या वेळी बाजूला झाले आणि नायडू कॅप्टन झाले.

२५ जून १९३२, शनिवार, लॉर्ड्स. इंग्लंडची बॅटिंग. मोहम्मद निसारने सटक्लिफ आणि होम्स दोघांचे स्टंप उडवले, वूली रनआउट, ३ बाद १९. निसार म्हणजे त्या वेळचा अतिशय फास्ट बोलर, दुसऱ्या बाजूने अमर सिंग चेंडू हलवतोय, आणि या दोघांच्या मागे नवले. मग कॅप्टन जार्डिन उभा राहिला. हा तोच जार्डिन, ज्याने त्याच वर्षाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात जाऊन बॉडीलाइन बोलिंग करायला लावली. तो ७९ वर आउट झाला, नायडूंच्या बोलिंगवर, कॅच नवलेंचा. इंग्लंड सर्व बाद २५९.

शंभराच्या वर ओव्हर किपिंग केलेल्या माणसाला आपण काय म्हणू? जा बाबा, पाय वर करून बस. पण नवलेंनी ग्लोव्ह्ज काढले, पॅड तसेच ठेवले असणार, आणि त्याच संध्याकाळी नाओमल जेऊमलबरोबर ओपनिंगला गेले. समोर सव्वासहा फुटांच्या वर उंचीचा बिल बोज आणि डावखुरा व्होस. भारताच्या टेस्ट इतिहासातला पहिला चेंडू असा थकलेल्या पायांनी खेळला गेला. पहिल्या विकेटसाठी ३९ धावा झाल्या. नवलेंच्या त्यात १२, बोजने त्यांना बोल्ड केलं. दुसऱ्या डावात १३. भारत १५८ धावांनी हरला. १२ आणि १३ म्हणजे काहीच नाही असं स्कोअरकार्ड बघणाऱ्याला वाटेल. मला तसं वाटत नाही.

पुढची टेस्ट डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर, भारतातली पहिली टेस्ट. लाला अमरनाथचं ११८ सगळ्यांना माहीत आहे. नवलेंच्या धावा १३ आणि ४. पुढच्या कलकत्ता टेस्टला किपर म्हणून दिलावर हुसेन आला, त्याने दोन्ही डावांत पन्नाशी गाठली, आणि नवलेंचं टेस्ट करिअर संपलं. दोन टेस्ट, ४२ धावा, एक कॅच. १९३६ च्या दौऱ्यावर रत्नागिरीचे दत्ताराम हिंदळेकर गेले. नवले मात्र १९४० नंतरही खेळत राहिले. सगळे मिळून ६५ फर्स्ट क्लास सामने, शतक एकही नाही, जास्तीत जास्त ९६.

इथे मला लॉर्ड्सवरचा दुसरा किपर आठवतो, इंग्लंडचा लेस एम्स. त्या मॅचमध्ये त्याने ६५ केल्या. एम्स केंट कौंटीचा पगारी खेळाडू होता. तो ४७ टेस्ट खेळला, पुढे इंग्लंडचा सिलेक्टर झाला, केंटचा मॅनेजर झाला. एकाच मैदानावर, एकाच तीन दिवसांत, एकच काम करणारी ही दोन माणसं. एम्स मोठा खेळाडू होता, मान्य. पण त्याच्या देशात खेळ संपल्यावर क्रिकेटमध्येच नोकरी होती. आपल्याकडे खेळाडूचं पोट राजाच्या मर्जीवर, नाहीतर रेल्वे-पोर्ट ट्रस्टच्या नोकरीवर. हिंदळेकर मुंबई पोर्ट ट्रस्टमध्येच होते, चाळिशीत वारले.

नवले म्हातारपणी पुण्याकडे एका साखर कारखान्यात वॉचमन होते आणि दोन खोल्यांच्या घरात राहत होते. आपल्या लातूर-नांदेडकडे साखर कारखान्याचं गेट कोणी पाहिलं नाही? सीझनमध्ये उसाच्या गाड्यांची रांग, मळीचा वास, आणि गेटवर खाकीतला एखादा म्हातारा, गाडी आत सोडताना नंबर लिहून घेणारा. त्याला आपण कधी नाव विचारतो का? मी तरी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

आज नांदेड-लातूरची पोरं रणजीला महाराष्ट्राकडून खेळू शकतात, म्हणजे नवलेंच्याच टीमकडून. त्यांच्या काळात आपला भाग निजामाच्या राज्यात होता. बीसीसीआयने जुन्या टेस्ट खेळाडूंना पेन्शन सुरू केली ती २००४ मध्ये.

४ सप्टेंबर १९७९ ला ओव्हलवर सुनील गावसकरने चौथ्या डावात २२१ केल्या. भारताला जिंकायला ४३८ हव्या होत्या, ८ बाद ४२९ झाल्या. त्यानंतर तीन दिवसांनी, ७ सप्टेंबरला, भारताचे पहिले ओपनर पुण्यात वारले. वय ७६.