के. एस. कृष्णन : एक संशोधक

रामन परिणाम आपणां सर्वांस ऐकून ठाऊक असतो. त्या शोधात रामन यांच्याबरोबर राबलेले के. एस. कृष्णन मात्र फारसे परिचित नाहीत.

४ डिसेंबर १८९८ रोजी मद्रास इलाख्यातील वत्रप या गावी त्यांचा जन्म झाला. १९२३ मध्ये ते कलकत्त्यास रामन यांच्या हाताखाली दाखल झाले. १९२८ च्या प्रारंभी दोघांनी सुमारे ६० द्रवांतून प्रकाश पाठवून पाहिला. विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा अंश आपला रंग बदलतो, असे आढळले. हा बदल रेणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो; म्हणून त्यावरून रेणू ओळखता येतो. ‘नेचर’मधील पहिल्या निवेदनावर दोघांची नावे होती. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले.

तोवर कृष्णन ढाका विद्यापीठात गेले होते आणि त्यांनी नवा विषय हाती घेतला होता. डांबराच्या गोळ्या ज्याच्या बनतात त्या नॅफ्थलीनसारख्या पदार्थांचे स्फटिक क्वार्ट्‌झच्या तलम धाग्याला टांगून ते चुंबकीय क्षेत्रात ठेवीत. धाग्याला बसणाऱ्या पिळावरून स्फटिकातील चपटे रेणू कोणत्या दिशेने रचले आहेत, हे त्यांनी शोधून काढले. रसायनशास्त्राचे कोडे असे भौतिकीने सोडविले. १९४० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालकपद त्यांनी १९६१ साली निधन होईपर्यंत भूषविले.

मानसन्मान देणे इतरांच्या हाती असते. पुढचा प्रयोग आपल्या हाती असतो. कृष्णन यांच्या चरित्रातून आपण विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा बोध हाच.