जो लॅपचिक यांची कात्रणवही

खेळाच्या इतिहासात विजेत्यांची नावे ठळकपणे नोंदली जातात. विजयासाठी काय द्यावे आणि काय मुळीच देऊ नये, हे पुढच्या पिढीला शिकविणाऱ्यांची नावे मात्र बहुधा समासातच राहतात. अमेरिकेतील बास्केटबॉलचे खेळाडू व प्रशिक्षक जो लॅपचिक यांची कारकीर्द या दोन्ही अंगांनी पाहण्यासारखी आहे. त्यांचे निधन १० ऑगस्ट १९७० रोजी झाले. त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्यांनी ज्या प्रश्नाशी झुंज दिली तो प्रश्न अजून म्हातारा झालेला नाही.

लॅपचिक यांचा जन्म १२ एप्रिल १९०० रोजी न्यूयॉर्कनजीकच्या याँकर्स या गावी, युरोपातून आलेल्या एका चेक कुटुंबात झाला. स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचा शोध लावला तो १८९१ साली. म्हणजे खेळ आणि खेळाडू जवळजवळ एकाच वेळी वाढीला लागले. घरची परिस्थिती बेताची असल्याने प्राथमिक शिक्षणानंतर शाळा सुटली. साडेसहा फुटांच्या आसपास पोहोचलेली उंची मात्र त्यांच्या कामी आली. त्या काळी प्रत्येक गोलानंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यभागी आणून दोन खेळाडूंच्या मध्ये उडविला जात असे. जो उंच उडी घेऊन तो आपल्या बाजूस वळवील, त्याच्या संघाकडे खेळाची सूत्रे जात. साहजिकच उंच व चपळ ‘सेंटर’ला मोठे मोल होते. खेळाडूंना तेव्हा दर सामन्यामागे पैसे मिळत, आणि एकाच हंगामात अनेक संघांकडून खेळण्यास कोणाची हरकत नसे. लॅपचिक या बाजारात आपले मोल ओळखून उभे राहिले.

१९२३ च्या सुमारास ते ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या न्यूयॉर्कच्या संघात दाखल झाले. हा संघ इतका बलाढ्य होता, की १९२७ व १९२८ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने व्यावसायिक लीग जिंकल्यावर स्पर्धेत रंग उरला नाही, आणि अखेर तो मोडून त्याचे खेळाडू इतरत्र वाटण्यात आले. लॅपचिक क्लीव्हलँडच्या संघात गेले, तर पुढच्या दोन वर्षांची अजिंक्यपदे त्या संघाकडे गेली! १९३१ साली मंदीच्या तडाख्यात लीगच बंद पडली. तेव्हा त्यांनी सेल्टिक्सची पुन्हा जुळवाजुळव केली आणि गावोगाव फिरून, मिळेल त्या सभागृहात सामने खेळून पोट भरले.

याच भटकंतीत त्यांची गाठ हार्लेममधील ‘रेन्स’ या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाशी वारंवार पडली. या संघाने १९३२-३३ च्या हंगामात सलग ८८ सामने जिंकले होते; पण त्यातील खेळाडूंना कित्येक गावांत खाणावळीत बसू दिले जात नसे की राहण्यास खोली मिळत नसे. मैदानावर त्यांच्याशी बरोबरीने झुंजणाऱ्या लॅपचिक यांना हा अन्याय डोळ्यांआड करता आला नाही. सामन्याच्या आरंभी रेन्सचा सेंटर ‘टारझन’ कूपर याला ते सर्वांसमक्ष आलिंगन देत. त्या काळातील प्रेक्षकांपुढे असे करण्यास उडी मारण्यापेक्षा अधिक बळ लागत असे.

१९३६ साली सेंट जॉन्स विद्यापीठाने त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलाविले. ज्याने स्वतः महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती, त्याने पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवायचे होते! हे न्यून त्यांना डाचत असे. परंतु त्यांनी ते श्रमाने भरून काढले. १९४३ व १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या मुलांनी राष्ट्रीय निमंत्रितांची स्पर्धा जिंकली. १९४७ साली ते व्यावसायिक ‘न्यूयॉर्क निक्स’ संघाकडे गेले. १९५१, १९५२ आणि १९५३ अशी सलग तीन वर्षे हा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. १९५१ साली तर पहिले तीन सामने गमावल्यावर पुढचे तीन जिंकून त्याने बरोबरी साधली होती. सातव्या सामन्यात अवघ्या चार गुणांनी हार पत्करावी लागली.

तथापि निक्सच्या त्या वर्षांतील खरी नोंद वेगळीच आहे. १९५० साली या संघाने नॅट क्लिफ्टन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केले. त्याच वर्षी चक कूपर व अर्ल लॉइड हेही अन्य संघांत आले आणि एन.बी.ए.तील वर्णभेदाची भिंत ढासळू लागली. याची किंमत लॅपचिक यांना घरी मोजावी लागली. दूरध्वनीवरून शिव्याशाप येऊ लागले. घरासमोर त्यांची प्रतिकृती फासावर लटकविण्यात आली. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा रिचर्ड हे सारे खिडकीतून पाहत होता. मोठेपणी त्याने क्रीडाक्षेत्रातील वर्णभेदाविरुद्ध, विशेषतः दक्षिण आफ्रिकेच्या क्रीडाबहिष्कारासाठी, आयुष्य वाहिले. वडिलांनी त्याला यावर व्याख्यान दिले असते, तर त्याचा एवढा परिणाम झाला असता असे वाटत नाही.

१९५१ साल अमेरिकन बास्केटबॉलला दुसऱ्या कारणानेही विसरता येणार नाही. न्यूयॉर्कच्या नामांकित महाविद्यालयांतील खेळाडू सट्टेबाजांकडून पैसे घेत असल्याचे त्या वर्षी उघडकीस आले. ही लाच मोठी फसवी होती. सामना हरा, असे सट्टेबाज बहुधा म्हणत नसत. जिंका, पण ठरावीक फरकापेक्षा कमी गुणांनी जिंका, एवढेच ते सांगत. आपला संघ तर जिंकतोच आहे, मग द्रोह कसला, असे म्हणून कोवळ्या वयाचा मुलगा स्वतःची समजूत घालू शके. आदल्याच वर्षी दोन राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेल्या सिटी कॉलेजच्या मुलांना अटक झाली आणि ऐन विशीत त्यांची कारकीर्द मातीला मिळाली.

लॅपचिक यांनी वर्तमानपत्रांतील त्या बातम्या कापून एका वहीत चिकटविल्या. प्रकृती आणि मनःस्वास्थ्य यांवर ताण असह्य झाल्याने १९५६ साली निक्स सोडून ते सेंट जॉन्सला परतले, तेव्हा ही वही त्यांच्याबरोबर होती. संघातील मुलांना ती वाचावयास द्यायची आणि वाचल्याची सही घ्यायची, हा त्यांचा परिपाठ झाला. पापपुण्यावर प्रवचन करण्याऐवजी त्यांनी मुलांपुढे त्यांच्यासारख्याच मुलांची छायाचित्रे ठेवली. मोहात पडणारा कोणी वेगळ्या मातीचा नसतो, हे ज्याला कळले तोच सावध राहतो. शिक्षकाने लक्षात घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

१९५९ साली त्यांच्या संघाने निमंत्रितांची स्पर्धा तिसऱ्यांदा जिंकली. मग आले १९६५. वयाची पासष्टी झालेल्यास निवृत्त करण्याचा विद्यापीठाचा नियम होता आणि तो त्यांनाही लागू झाला. अखेरच्या हंगामात त्यांच्या मुलांनी अव्वल मानल्या जाणाऱ्या मिशिगनला हरविले आणि शेवटच्या सामन्यात व्हिलानोव्हाचा पाडाव करून गुरूला चौथे विजेतेपद अर्पण केले. दुसऱ्या दिवसापासून लॅपचिक यांना मैदानावर काम नव्हते.

नियम हवेतच, नव्यांना वाट मिळायची तर जुन्यांनी उठले पाहिजे. परंतु माणूस निवृत्त झाला म्हणजे त्याने जमविलेले शहाणपणही निवृत्त झाले, असे संस्था समजू लागतात, तेथे चूक होते. आज जगभर खेळातील पैसा कैक पटींनी वाढला आहे, आणि सट्टा तर हातातल्या दूरध्वनीत येऊन बसला आहे. खेळाडूंच्या आहाराचा, व्यायामाचा, तंत्राचा विचार करणारे तज्ज्ञ प्रत्येक संघाजवळ आहेत. कात्रणांची वही पुढे सरकवून सही मागणारा वडीलधारा मात्र किती संघांजवळ आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.