बायबलमधल्या नावांचे अर्थ आणि जपानमध्ये क्रूसावर गेलेले वसईकर संत गोन्सालो गार्सिया

वसईत एखादा तरी थॉमस, पीटर किंवा मायकल तुमच्या ओळखीचा असणारच. ही नावं बायबलमधली आणि प्रत्येकाला अर्थ आहे. पीटर म्हणजे खडक, थॉमस म्हणजे जुळा, मायकल म्हणजे देवासारखा कोण आहे? या अर्थांमध्ये श्रद्धेच्या खुणा शोधायची सवय खूप जुनी आहे. पण एकदा नुसत्या नावावरून एका माणसाचा जीव गेला. त्या गोष्टीत एक वसईकर होते, संत गोन्सालो गार्सिया.

त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण जेझुइट धर्मगुरूंकडे झालं आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास ते त्यांच्यासोबत थेट जपानला गेले. तिथे जपानी भाषा पक्की शिकले. पण जेझुइटांच्या संघात प्रवेश काही मिळाला नाही. मग व्यापार केला, त्यात जम बसवला आणि शेवटी सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता मनिलाहून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीकडे दूत म्हणून गेले. दुभाषी होते गोन्सालो. सुरुवातीला सगळं ठीक होतं. पण १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं. मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचं सैन्य येणार, असा संशय बळावला आणि अटकेचे हुकूम सुटले.

आता नावाची गोष्ट. अटकेच्या यादीत मत्थिया नावाचा एक माणूस होता. असं सांगतात की शिपायांनी त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो तिथे नव्हता. जवळच राहणारा एक जण पुढे आला. माझंही नाव मत्थियाच आणि मीही ख्रिस्ती, असं त्याने सांगितलं. शिपायांनी त्यालाच नेलं.

बायबलमध्ये यहूदाने विश्वासघात केल्यावर बारा शिष्यांमधली एक जागा रिकामी होते. तिथे चिठ्ठ्या टाकून जो निवडला जातो, त्याचंही नाव मत्थिया. अर्थ, देवाची देणगी. दोन्ही मत्थिया दुसऱ्याच्या जागी उभे राहिले, म्हणून हे साम्य मनाला भिडतं. पण खरी गोष्ट नावात नाही. तो माणूस गप्प बसला असता तर वाचला असता.

कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला. ऐन थंडीत त्यांना क्योतोहून नागासाकीला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यात मायकल कोझाकी आणि त्यांचा किशोरवयीन मुलगा थॉमसही होता.

गोन्सालो हे नाव मात्र बायबलमधलं नाही. त्याच्या मुळाशी युद्ध या अर्थाचा जुना युरोपीय शब्द आहे. आणि ते नाव लावणारा माणूस दोन भाषांमध्ये समेट घडवत फिरला.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. आज गासचं चर्च आणि वसईतलं कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. वसईपुरता तरी त्या नावाचा अर्थ आता वेगळा आहे.