टेम्पोवाले नवलमल फिरोदिया: पिकअप घेण्याआधी माहीत असावी अशी गोष्ट

गंगाखेडच्या मोंढ्यात कुणालाही टेम्पो बोलवायला सांगा. येईल तो टाटाचा छोटा हत्ती असेल, महिंद्राची पिकअप असेल, नाहीतर अशोक लेलँडचं दोस्त असेल. आपण सगळ्यांना टेम्पोच म्हणतो. फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसंच हे. पण टेम्पो हे मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव. ते आपल्या भाषेत रुजलं अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये जन्मलेल्या एका माणसामुळे. नवलमल कुंदनमल फिरोदिया. फिरोदिया करंडकामुळे हे आडनाव कदाचित तुमच्या कानावर असेल, पण या माणसाबद्दल आपल्या पिढीला फारसं माहीत नसतं.

आज ही गोष्ट सांगायचं कारण आहे. परभणीला रोज अप-डाऊन करता येईल, रविवारी शेतात किंवा बालाघाटच्या डोंगरात नेता येईल आणि तरी डिझेल कमी पिईल अशी पिकअप कोणती, हा प्रश्न सध्या बरेच जण विचारतात. मॉडेलची यादी कुठेही मिळते. पण एखादी गाडी कमी इंधनात जास्त काम का करते, हे फिरोदियांच्या गाड्यांवरून जितकं सोपं कळतं तितकं ब्रोशरमधून कळत नाही.

घर राजकारणाचं, डोकं यंत्राचं

नवलमल यांचा जन्म ९ सप्टेंबर १९१० चा. वडील कुंदनमल फिरोदिया नावाजलेले वकील आणि काँग्रेसचे पुढारी. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. घरात स्वातंत्र्य चळवळीचं वातावरण होतं आणि १९४२ च्या चले जाव आंदोलनात नवलमल स्वतः तुरुंगात गेले.

स्वातंत्र्य मिळाल्यावर अशा घरातल्या तरुणासाठी राजकारणाची वाट मोकळी होती. त्यांनी कारखानदारी निवडली. १९४७ साली जय हिंद इंडस्ट्रीज सुरू झाली. ही कंपनी आजही आहे आणि गाड्यांसाठी ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओतते. धाकटे बंधू हस्तीमल हेही याच वाटेने गेले. लूना ही मोपेड बनवणारी कायनेटिक कंपनी त्यांची. तुमच्या आजोबांकडे लूना असेल, तर फिरोदियांचं यंत्र तुमच्या घरात येऊन गेलंय असं समजा.

एका चित्रातली तीनचाकी

तेव्हाच्या शहरांत टांगे होते आणि माणसाने ओढायच्या रिक्षाही होत्या. एका माणसाने दुसऱ्याला ओढून न्यायचं, हे नव्या देशाला शोभणारं नव्हतं. पण त्याऐवजी सगळ्यांना टॅक्सी परवडणारी नव्हती.

१९४० च्या दशकाच्या शेवटी फिरोदियांनी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या तीनचाकी मालगाडीचं चित्र एका मासिकात पाहिलं. गाडी साधी होती. पुढे व्हेस्पा स्कूटरचा भाग आणि मागे दोन चाकांवर माल ठेवायचा हौदा. फिरोदियांनी तशी गाडी मागवली, हौद्याच्या जागी माणसं बसतील असा बदल केला आणि १९४९ च्या सुमारास ती मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना दाखवली. भारतातल्या ऑटोरिक्षाची सुरुवात इथून मानली जाते. पुढे बजाज घराण्याच्या भागीदारीत स्कूटर आणि रिक्षांचा मोठा उद्योग उभा राहिला आणि त्याचा कारभार बरीच वर्षं फिरोदियांनी पाहिला.

इथे जरा थांबू, कारण ॲव्हरेजचं पहिलं सूत्र इथेच आहे. गाडी हलवायला जी ऊर्जा लागते, त्यातला मोठा वाटा गाडीचं स्वतःचं वजन ओढण्यात जातो. दोन प्रवाशांसाठी हजार-बाराशे किलोची मोटार पळवायची, की तीन-चारशे किलोची रिक्षा? रिक्षाचं इंजिन काही फार हुशार नव्हतं. पण ओढायचं ओझंच कमी होतं, म्हणून ती परवडली.

बैलगाडी आणि ट्रक यांच्या मधली जागा

माणसांचा प्रश्न असा सुटला, मालाचा राहिला. १९५० च्या दशकात माल न्यायला एकतर बैलगाडी किंवा हातगाडी होती, नाहीतर मोठा ट्रक. चार पोती भाजीसाठी ट्रक करणं परवडत नसे आणि बैलगाडीत भाजी पोहोचेपर्यंत बाजार उठलेला असे. मधल्या मापाचं काहीच नव्हतं.

त्याचं उत्तर हॅम्बुर्गजवळच्या विडाल अँड सोन या कारखान्यात तयार होतं. ते टेम्पो नावाच्या लहान मालगाड्या बनवायचे. महायुद्धात जर्मनी उद्ध्वस्त झाली होती. तिथल्या लहान दुकानदारांनाही स्वस्त, कमी खाणारी गाडीच हवी होती. त्यांची गरज आणि आपली गरज सारखी होती. १९५८ साली या कारखान्याशी करार होऊन बजाज टेम्पो ही कंपनी सुरू झाली आणि मुंबईत गोरेगावला हॅन्सीट ही तीनचाकी बनू लागली. १९६४ मध्ये कंपनी पुण्याजवळ आकुर्डीला आली.

हॅन्सीटची रचना बघण्यासारखी होती. पुढे एकच चाक, इंजिनही पुढेच आणि जोरही त्याच पुढच्या चाकाला. त्यामुळे मागे लांब दांडा न्यायची गरज नव्हती आणि हौदा जमिनीपासून कमी उंचीवर बसवता आला. माल चढवायला सोपं. इंजिन साधारण ४०० सीसीचं, टू-स्ट्रोक. माल पाऊण टनाच्या घरात. पुढे सोंडेसारखं नाक असल्यामुळे बऱ्याच गावांत तिला डुक्कर रिक्षा म्हणायचे. नाव हसण्यासारखं असलं तरी हजारो घरांच्या चुली तिच्यावर चालल्या.

तिचे दोषही सांगायला हवेत. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये भाग कमी, वजन कमी आणि दुरुस्ती सोपी असते. पण पेट्रोलसोबत ऑइलही जळतं आणि थोडं इंधन न जळताच धुराड्यातून बाहेर जातं. आवाज आणि धूर दोन्ही भरपूर. म्हणजे गाडीचं माप बरोबर होतं, पण इंजिन अजून काटकसरी नव्हतं.

मॅटाडोर आणि डिझेल

१९६० च्या दशकाच्या शेवटी बजाज आणि फिरोदिया यांची भागीदारी तुटली. स्कूटर आणि रिक्षांची कंपनी बजाजांकडे गेली, बजाज टेम्पो फिरोदियांकडे राहिली. ज्या रिक्षाची सुरुवात करून दिली, तो सगळा धंदा हातातून गेला. तेव्हा फिरोदिया साठीच्या जवळ होते. या वयात आणि इतक्या मोठ्या तडाख्यानंतर कुणीही दमला असता. त्यांची पुढची गाडी मात्र आधीच्यांपेक्षा मोठी निघाली: मॅटाडोर.

मॅटाडोर ही चारचाकी, डिझेलवर चालणारी हलकी गाडी. व्हॅनच्या रूपात तिने वऱ्हाडं नेली, शाळेची मुलं नेली, रुग्णवाहिका म्हणून काम केलं. उघड्या हौद्याच्या रूपात भाजी आणि दूध वाहिलं. टेम्पोसारखंच हेही नाव पुढे गाडीच्या जातीचं नाव झालं.

इथे ॲव्हरेजचं दुसरं सूत्र येतं. डिझेल गाडी जास्त का पळते? कारणं तीन.

पहिलं, दाब. पेट्रोल इंजिन हवा आणि इंधनाचं मिश्रण साधारण दहापट दाबतं आणि ठिणगीने पेटवतं. डिझेल इंजिन नुसती हवा सोळा ते अठरापट दाबतं. हवा इतकी तापते, की आत सोडलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. दाब जास्त म्हणजे त्याच उष्णतेतून जास्त काम.

दुसरं, पेट्रोल इंजिनात वेग कमी ठेवायचा तर हवेची वाट अर्धवट बंद करावी लागते आणि त्यात ताकद वाया जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, कमी-जास्त करायचं ते फक्त इंधन.

तिसरं, एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्के ऊर्जा जास्त असते. पंपावर आपण लिटरने विकत घेतो, त्यामुळे हा फरक थेट खिशात दिसतो.

हलकं माप हॅन्सीटने दिलं होतं, काटकसरी इंजिन मॅटाडोरने दिलं. कमी खाणाऱ्या पिकअपमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात.

१९८० च्या दशकात कंपनीने मर्सिडीजचं २.४ लिटरचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन परवान्यावर बनवायला घेतलं. ते ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समध्ये बसलं. मराठवाड्यात वाढलेल्यांना ट्रॅक्स आणि क्रूझर वेगळी सांगायला नको. फार वेगवान नाही, फार देखणं नाही, पण न थकणारं इंजिन. गावच्या मिस्त्रीला ते खोलता यायचं, ही त्याची सगळ्यात मोठी खूबी.

१९९७ साली नवलमल फिरोदिया गेले. २००५ मध्ये त्यांच्या कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं. त्याच वर्षी टाटाने एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, बाजारात आणला. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, सुमारे १६ हॉर्सपॉवर आणि पाऊण टनाचा माल. हॅन्सीटचंच माप, फक्त चार चाकांवर आणि डिझेलवर. कंपनी दुसरी होती, पण फिरोदियांनी दाखवलेली मधली जागा तीच होती.

मग आज पिकअप घेताना काय बघायचं?

आधी वापर मोजा. महिन्यातले किती दिवस हौदा खरंच भरलेला असतो? रोज एकटे जाणार आणि महिन्यातून दोनदा खताची पोती आणणार असाल, तर दीड टन क्षमतेची गाडी म्हणजे व्हॉट्सॲप वापरायला गेमिंग फोन घेणं. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या गाड्या दणकट आहेत, आरामदायी आहेत, फोर-व्हील-ड्राइव्ह देतात. पण त्या रिकाम्याच दोन टनांच्या आसपास भरतात. ते वजन तुम्ही रोज फुकट ओढणार.

आता आकडे. गंगाखेड ते परभणी साधारण ४० किलोमीटर. जाऊन-येऊन ८०, महिन्याचे २५ दिवस धरले तर २००० किलोमीटर. लिटरला १० देणाऱ्या गाडीला २०० लिटर लागतील, १५ देणाऱ्या गाडीला १३३. फरक महिन्याला ६७ लिटरचा. त्याला आजच्या भावाने गुणा. हप्ता ठरवताना हा आकडाही शेजारी लिहा.

जाहिरातीतल्या ॲव्हरेजवर जाऊ नका. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगाने गाडी चालवून काढतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो ठीक आहे. आपल्या रस्त्यावर, एसी लावून, माल भरून तो मिळेलच असं नाही. खरं ॲव्हरेज काढायचं तर टाकी फुल करा, चार-पाचशे किलोमीटर चालवा, पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. सेकंडहँड गाडी असेल तर मालकाच्या बोलण्यापेक्षा हा भागाकार खरा.

वेगही बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात, तर हवेचा अडथळा जवळपास ५६ टक्क्यांनी वाढतो. पिकअपचं तोंड भिंतीसारखं सपाट, त्यामुळे तिला हे जास्त जाणवतं.

शेत आणि डोंगर हा वेगळा विषय. बहुतेक साध्या पिकअपला जोर मागच्या चाकांना असतो. हौदा रिकामा असला की मागचा भाग हलका होतो आणि पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चाकं जागेवरच फिरतात. शिवाय लीफ स्प्रिंग, म्हणजे आपण ज्याला पाटे म्हणतो ते, ओझ्यासाठी बनवलेले असल्याने रिकामी गाडी आदळते. पाणंद रस्त्याने वर्षभर जायचं असेल, तर फोर-व्हील-ड्राइव्हचा विचार जरूर करा. पण वर्षातून चारदाच लागणार असेल, तर चांगले टायर आणि थोडा धीर स्वस्त पडतो.

दोन गोष्टी शोरूममध्ये नक्की विचारा. गाडीची नोंदणी खासगी होईल की मालवाहू? पिवळ्या पाटीच्या गाडीला फिटनेस तपासणी, वेगळा विमा आणि वेगळे नियम असतात. दुसरं, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी पकडणारी जाळी. २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत ती असते आणि साफ व्हायला तिला अधूनमधून सलग, तापलेल्या इंजिनाची धाव लागते. रोज परभणीला जाणाऱ्याला अडचण नाही. पण गाडी फक्त मोंढा ते घर अशी दोन किलोमीटर फिरणार असेल, तर डिझेलपेक्षा सीएनजी किंवा इलेक्ट्रिक छोटी गाडी बघितलेली बरी.

फिरोदियांनी चाळीस-पन्नास वर्षं गाड्या बनवल्या आणि प्रत्येक वेळी सुरुवात गिऱ्हाईकाच्या ओझ्यापासून केली. तुमचीही सुरुवात तिथूनच करा. शोरूमला जाण्याआधी फोनच्या नोट्समध्ये एक महिना रोज दोनच आकडे लिहा: किती किलोमीटर गेलात आणि सोबत किती माणसं किंवा किती किलो माल होता. महिन्याअखेरीस ती यादीच तुम्हाला गाडीचं माप सांगेल.