वाळूच्या रेषा आणि सोफी जर्मेन

माठ घेताना आपण तो वाजवून घेतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा गेलेला. पूल तपासायची एक पद्धत ह्याच तत्त्वावर चालते. तडा गेला की तिथला स्टिफनेस कमी होतो आणि नॅचरल फ्रिक्वेन्सी खाली येते. पण धडधाकट वस्तू कशी कंप पावते हेच माहीत नसेल, तर बिघडलेली ओळखणार कशी? प्लेटच्या बाबतीत हा प्रश्न जिने अंगावर घेतला ती सोफी जर्मेन.

जन्म पॅरिसचा, 1776. ती 13 वर्षांची असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. बाहेर दंगे, म्हणून ही वडिलांच्या लायब्ररीत गणित वाचत बसायची. घरच्यांना ते पसंत नव्हतं. रात्री वाचू नये म्हणून त्यांनी मेणबत्त्या काढून घेतल्या, तर ही पांघरूण गुंडाळून चोरून आणलेल्या मेणबत्तीवर वाचायची म्हणे. (सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी उगाच तुलना करू नये!) 1794 मध्ये एकोल पॉलिटेक्निक निघालं, पण मुलींना प्रवेश नव्हता. मग हिने तिथल्या नोट्स मिळवल्या आणि 'ल ब्लां' ह्या पुरुषाच्या नावाने लाग्रांजकडे पेपर पाठवला. खरं कळल्यावरही तो तिच्या पाठीशी राहिला.

पुढे क्लाडनी पॅरिसला आला. प्लेटवर वाळू टाकून तो कडेवरून व्हायोलिनचा बो फिरवायचा, आणि जिथे प्लेट हलत नाही त्या रेषांवर वाळू जमायची. तडा गेलेल्या प्लेटवर ह्या रेषा सरकतात. ह्या आकृत्यांमागचं गणित मांडणाऱ्याला 1809 मध्ये बक्षीस जाहीर झालं. 1811 मध्ये एकटी सोफीची एंट्री आली, आणि चुका निघाल्या म्हणून नाकारली गेली. तिच्याच कल्पनेवरून लाग्रांजने समीकरण दुरुस्त केलं. 1813 मध्ये नुसता सन्मानपूर्वक उल्लेख. शेवटी 1816 मध्ये, तिसऱ्या खेपेला, बक्षीस मिळालं. समारंभाला मात्र ती गेलीच नाही.

तिच्या गणितात तेव्हाही उणिवा होत्या. प्लेटच्या कडांचे नियम किरखॉफने 1850 मध्ये नीट केले. पण मला वाटतं, ज्या बाईला कुणी वर्गात बसू दिलं नाही, तिच्या चुका मोजताना हे धरायला हवं.

1831 मध्ये स्तनाच्या कॅन्सरने ती गेली. 1889 मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला, त्यावर शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर्सची 72 नावं होती. लाग्रांजचं होतं. सोफीचं नव्हतं.