पंडिता रमाबाई : वाटेवरच्या मुलींची माउली

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर महाराष्ट्रीय व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आमच्यापुढे प्रथम नेहमीचीच नावे उभी राहिली. त्यांच्याविषयी लिहिणारे अधिकारी लेखक पुष्कळ आहेत. आम्ही तर आयुष्यभर सरकारी टिपणे लिहीत आलेलो. तथापि लेखणी हाती घेतली आणि एका मुलीची आठवण झाली. चरित्रनायिकेची निवड त्या आठवणीनेच केली, असे म्हटले तरी चालेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही सिविल लाइंस भागात सरकारी निवासस्थानी राहत असता जवळच्या एका घरी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कामास होती. पहाटे ती दूध घेण्यास उभी असे आणि रात्री उशिरापर्यंत तिच्या भांडी घासण्याचा आवाज येई. ती कोणत्या गावची, तिला कोणी आणले, तिच्या कष्टाचे पैसे कोणाच्या हाती पडतात, याची आम्ही कधी चौकशी केली नाही. घरातून एकदोनदा विषय निघाला, तो लोकांच्या घरात आपण कशाला पडावे, असे म्हणून आम्हीच मिटविला. एके दिवशी ती दिसेनाशी झाली. ज्याने आणली होती तोच तिला दुसरीकडे घेऊन गेला, एवढेच कानी आले. तिचे नावसुद्धा आम्हांस ठाऊक नव्हते. पुढे पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचनात आले, तेव्हा आमच्या या गप्प बसण्याचा अर्थ आम्हांस नीट उमगला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रीने वेदविद्या नव्हे तरी संस्कृत काव्यशास्त्र शिकण्यास हरकत नाही, या मताचे त्यांनी नुसते प्रतिपादन केले नाही, तर पत्नी लक्ष्मीबाईंना स्वतः शिकविले. लोकांचा रोष झाला म्हणून रानात जाऊन राहिले. मातोश्रींनी पहाटेच्या अंधारात शिकविलेले संस्कृत हीच रमाबाईंची पहिली शिदोरी. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. दक्षिणेत दुष्काळ पडला. भीक मागण्याची सवय नाही, अंगमेहनतीचे शिक्षण नाही, अशा त्या विद्वान कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. थोड्या थोड्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

ही भावंडे पायी भारतभर फिरली. पंजाब, मध्यप्रांत, आसाम, बंगाल आणि आपला हा राजपुतानाही त्यांनी पालथा घातला. आज आपण जेथे वास्तव्य करीत आहोत त्या प्रदेशाची धूळ या अनवाणी मराठी मुलीच्या पायांस लागली होती, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असेल? भूक म्हणजे काय आणि निराधार मुलीकडे वाटेवरची माणसे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे त्या ग्रंथांतून शिकल्या नाहीत. पाठीशी भाऊ होता म्हणून त्या वाचल्या. ज्यांच्या पाठीशी कोणी नव्हते त्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न जन्मभर त्यांच्या मनात राहिला असावा, असे आम्हांस वाटते.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या विशीतील मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, असा तो विवाह त्या काळी मोठेच धाडस होते. १८८१ साली कन्या मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षी तान्ह्या मुलीसह वैधव्य पदरी आले.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या साहाय्याने त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकड त्यांनी मांडली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःस्थितीवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, गावोगाव व्याख्याने दिली आणि विधवांच्या शिक्षणासाठी मदत उभी केली.

स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. बालविधवांना आश्रय आणि विद्या देणारी ही संस्था. येथेच शिकलेल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. १८९३ साली मात्र सदनातील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होतो, या कारणावरून पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादात कोणाचे किती बरोबर होते, याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. रमाबाईंचे धर्मांतर आजही अनेकांस रुचत नाही, आणि समाजाने विश्वासाने धाडलेल्या मुलींविषयी पालकांस वाटलेली चिंता अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु पुढील पाच-सात वर्षांत या बाईंनी जे केले ते पाहताना हा वाद क्षणभर बाजूस ठेवावा, एवढीच सुज्ञ वाचकांस विनंती.

या वादानंतरच्या काही वर्षांत रमाबाई गरीब यात्रेकरू स्त्रीच्या वेषात मथुरा-वृंदावनाकडे गेल्या. तरुण विधवांना पुण्याचे आमिष दाखवून तीर्थक्षेत्री आणणारे दलाल गावोगाव हिंडतात, येथे आणून त्यांचे द्रव्य हरण करतात आणि मग त्यांना पापाच्या वाटेला लावतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आज ज्यास आपण मानवी तस्करी म्हणतो तिची सारी लक्षणे तेथे होती. गोड बोलणारा मध्यस्थ, दूरचे ठिकाण, तुटलेले माहेर आणि परतीच्या भाड्यालाही पैसा नाही. पायांत बेडी घालण्याची गरजच उरत नाही.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातमी येताच रमाबाईंना स्वतःचे बालपण आठवले आणि त्या तिकडे निघाल्या. तेथे त्यांना दुसरीच गोष्ट दिसली. सरकारी मदतकेंद्रांच्या आणि गरीबखान्यांच्या आसपास उपाशी मुली हेरणारी माणसे घिरट्या घालीत होती. मूठभर धान्यावर मुलगी मिळत होती. ज्यांच्यावर रक्षणाची जबाबदारी तेही सर्वच विश्वासू नव्हते. दुष्काळ मुलीला घराबाहेर काढतो आणि बाहेर गिऱ्हाईक उभेच असते, हे ओळखून रमाबाईंनी एकच ठरविले : त्या माणसाच्या आधी आपण पोहोचावयाचे. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी त्या दुष्काळातून आणल्या.

आणल्या खऱ्या, पण ठेवावयाच्या कोठे? पुण्यात त्या वेळी प्लेगचे थैमान सुरू झाले होते आणि एवढ्या नव्या माणसांना शहरात ठेवण्यास मनाई होती. तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव येथे आधी घेऊन ठेवलेली सुमारे १०० एकर जमीन उपयोगी पडली. उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. विहिरी खणल्या गेल्या. १८९८ च्या सप्टेंबरात ‘मुक्ती’ची रीतसर स्थापना झाली. याच प्लेगच्या काळात त्यांच्याकडील एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली आणि तेथील पहारेकऱ्याच्या तावडीत सापडून कायमची दुरावली. रमाबाईंनी १८९७ साली हे प्रकरण वृत्तपत्रातून उघडपणे मांडले. सरकारने इन्कार केला, तरी त्या मागे हटल्या नाहीत. तीनशे मुलींमध्ये एक गेली तर काय झाले, असा हिशेब त्यांना करता येत नव्हता. आम्ही हिशेब तपासण्यात हयात घालविली, म्हणून ही गोष्ट आमच्या मनास विशेष लागली.

मग आला विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ. राजस्थानात अद्यापही ‘छप्पनिया काळ’ म्हटले की वृद्ध मंडळी कानावर हात ठेवतात. १८९९-१९०० च्या या दुष्काळाने राजपुताना आणि गुजरात दोन्ही होरपळले. या वेळी गुजरातेत मुलींच्या शोधार्थ रमाबाईंच्या ज्या मदतनीस गेल्या, त्यांच्यात मागच्या दुष्काळातून वाचविलेल्या मुलीही होत्या. काल जिला वाटेवरून उचलले, ती आज दुसरीला उचलण्यास निघाली. केडगावची वस्ती जवळजवळ दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या मुलींचे पुढे काय केले, हे अधिक महत्त्वाचे आहे. सोडवून आणणे हे कार्याचे पहिले पाऊल होय. आलेल्या मुलीला प्रथम अन्न, औषध आणि स्वच्छ वस्त्र. त्यानंतर अक्षरओळख. त्यानंतर हाताला काम : विणकाम, शिवणकाम, शेती, गाईगुरे, तेलघाणा, छापखाना. छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. ज्यांचा आधीच घात झालेला होता, अशा स्त्रियांसाठी १८९९ च्या सुमारास ‘कृपा सदन’ हे वेगळे घर उघडले. भल्या घरची दारे ज्यांना बंद होती त्यांना तेथे कोणी मागचे विचारीत नसे. वृद्धांसाठी ‘प्रीति सदन’ होते. अंध मुलींना कन्या मनोरमाबाईंच्या प्रयत्नाने ब्रेल लिपी शिकविली जाई. जिच्या हाती विद्या आणि धंदा आहे तिला पुन्हा कोणी सहजी विकू शकत नाही, हे या योजनेमागील सूत्र होते, आणि पाऊणशे योजना फाइलीत पाहिलेल्या आमच्यासारख्या माणसास त्यात सुधारणा सुचत नाही.

१९१९ साली सरकारने त्यांस कैसर-ई-हिंद पदक दिले. उत्तरायुष्य मराठी बायबलच्या भाषांतरात गेले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. ज्यांनी शेकडो मुलींना आई दिली त्यांच्यावर एकुलत्या एका मुलीला निरोप देण्याची वेळ आली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे देहावसान झाले. संस्था आजही तेथे चालू आहे. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता कायदा रमाबाईंच्या काळासारखा दुबळा नाही. १९५० पासून राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार निषिद्ध केली आहे. १९५६ साली अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा झाला, १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात या गुन्ह्यास कठोर शिक्षा आहे. घरकामास चौदा वर्षांखालील मूल ठेवण्यास २००६ पासूनच बंदी आहे. असे असूनही बिहारमधून आणलेली लहान मुले आपल्या याच जयपुरात लाखेच्या बांगड्यांच्या कोंदट खोल्यांतून पोलिसांनी वेळोवेळी सोडविली आहेत. सणासुदीला आपल्या घरी येणाऱ्या बांगड्यांमागे कोणाचे हात असतील, याचा विचार आपणही करावयास हवा.

मंडळाच्या तरुण सभासदांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी लिहून हा लेख पुरा करतो. एखादे मूल संशयास्पद स्थितीत दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. खात्री नाही म्हणून थांबू नये. खात्री करणे हे काम पोलिसांचे आणि जिल्हा बालकल्याण समितीचे. सोडविलेले मूल चोवीस तासांच्या आत या समितीपुढे हजर करावे लागते, आणि त्याच्या निवाऱ्याची व शिक्षणाची व्यवस्था समितीने पाहावयाची असते. स्वतः दलालाशी झटापट करू नये. पैसे देऊन मूल सोडविण्याच्या फंदातही पडू नये, कारण त्या पैशातून दुसरे मूल आणले जाते. गावाकडून मुलगी कामास आणून देतो असे कोणी म्हटल्यास तेथेच नाही म्हणावे, आणि तो कोण, कोठला, हे लक्षात ठेवावे.

आपण नोकरीधंद्यानिमित्त घरापासून शेकडो कोस दूर आलो. आपल्याला येथे मंडळ मिळाले, गणपती मिळाला, हळदीकुंकू मिळाले, भाषा मिळाली. परगावी माणूस एकटा पडला म्हणजे काय होते, हे पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी जाणले त्यांनीच हे मंडळ उभारले. आपल्याहूनही दूर आलेले, आणि स्वतःच्या इच्छेने न आलेले एखादे लेकरू आपल्याच गल्लीत असेल. त्याला निदान त्याचे नाव आणि गाव विचारावे. आम्ही ते विचारले नाही, याची रुखरुख आहे. ती या पानावर उतरवून, पंडिता रमाबाईंच्या स्मृतीस आम्ही नम्रपणे वंदन करतो.